व्हीलॅन ३० मधला न सापडणारा मॅक पत्ता : बडोद्यातील एका आवाराचे प्रकरण

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा नदीपासून फार लांब नसलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या तळमजल्यावरची नेटवर्कची रॅक घाईघाईने पहिल्या मजल्यावर हलवावी लागली. स्विच वाचले. खोल्यांतून येणाऱ्या केबल वर ओढून नव्या पॅच पॅनलवर पुन्हा बसवल्या. पोर्टची नोंदवही मात्र भिजून लगदा झाली आणि केबलच्या टोकांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच पुसल्या गेल्या. आठवड्याभरात कॉलेज सुरू झाले आणि दोन तक्रारी आल्या.

पहिली परीक्षा विभागाची. काही संगणकांना सकाळी १०.२०.३० ने सुरू होणारा पत्ता मिळायचा, तर काहींना १९२.१६८.० ने सुरू होणारा. ज्यांना दुसरा मिळायचा त्यांचे सर्व्हरशी बोलणे बंद. दुसरी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीची: तिथल्या दोन संगणकांचे नेट पुरानंतर पूर्ण बंद. दोन्ही तक्रारी दोन वेगळ्या कागदांवर लिहिल्या गेल्या आणि दोन वेगळ्या माणसांकडे सोपवल्या गेल्या.

पहिल्या तक्रारीचे निदान कुणीही अनुभवी माणूस ऐकताक्षणी करेल. परीक्षा विभागाच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या त्या विभागाच्या वेगळ्या आभासी जाळ्यात, कुणीतरी घरगुती राउटर जोडला आहे आणि तो पत्ते वाटतो आहे. अशा वेळी बाधित संगणकावर जाऊन १९२.१६८.०.१ या गेटवेचा (जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराचा) मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक, एआरपीच्या यादीतून (कोणत्या आयपी पत्त्याचा कोणता मॅक, या नोंदीतून) घ्यायचा आणि तो मॅक कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर दिसतो ते शोधायचे. मॅक मिळाला: ००:००:५ई:००:५३:१७. इथे दिलेले मॅक पत्ते लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत, म्हणजे कुणाच्या खऱ्या यंत्राचा पत्ता यात येत नाही. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शोधला तर उत्तर आले, 'सापडला नाही'. बाराही स्विचवर नाही. त्यावरून निष्कर्ष काढला गेला की राउटर बंद करून ठेवला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सहा संगणकांना चुकीचे पत्ते मिळाले.

राउटर चालूच होता. सॉफ्टवेअरने प्रश्न भलत्याच ठिकाणी विचारला होता. या प्रकरणाचे मूळ तिथे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

आवाराची रचना अशी. मधोमध थर-तीनचा, म्हणजे वेगळ्या व्हीलॅनना एकमेकांशी जोडणारा, एक सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, त्याच्याभोवती आठ कॅटॅलिस्ट २९६०-एक्स आणि तीन दुसऱ्या बनावटीचे स्विच. व्हीलॅन १० प्रशासन आणि प्राध्यापक, २० प्रयोगशाळा, ३० परीक्षा, ४० वाय-फाय, ५० कॅमेरे, ६० हजेरीची यंत्रे, ९९ स्विचचे व्यवस्थापन, शिवाय वसतिगृह आणि ग्रंथालय धरून एकूण चौदा. व्हीलॅन १ चांगल्या रिवाजाप्रमाणे रिकामा ठेवलेला.

एसएनएमपी ही स्विचसारख्या यंत्रांना त्यांची माहिती दुरून विचारण्याची भाषा, मिब ही त्या माहितीची ठरलेली मांडणी, आणि ब्रिज हे स्विचचे जुने नाव. एसएनएमपीने मॅकची यादी विचारण्याचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे ब्रिज मिब. १९९३ चा आरएफसी १४९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) हा त्याचा बराच काळ वापरात राहिलेला मसुदा, नंतर २००५ मध्ये आरएफसी ४१८८ ने त्याची जागा घेतली. त्यात १.३.६.१.२.१.१७.४.३ या ओआयडीखाली (माहितीच्या जागेच्या आकडी पत्त्याखाली) कोणता मॅक कोणत्या पोर्टवर ते सांगणारा फॉरवर्डिंगचा तक्ता आहे आणि त्या तक्त्याची अनुक्रमणिका फक्त मॅक पत्ता आहे. त्या काळी एक यंत्र म्हणजे एक ब्रिज आणि एका मॅकला एकच पोर्ट, म्हणून तेवढे पुरत होते. आयट्रिपलईचे ८०२.१क्यू हे व्हीलॅनचे मानक १९९८ मध्ये आले. तेव्हापासून एकच मॅक दोन व्हीलॅनमध्ये दोन वेगळ्या पोर्टवर दिसू शकतो. मॅक हीच अनुक्रमणिका असलेल्या तक्त्यात अशा दोन ओळी बसवणार कुठे? व्हीलॅन क्रमांकासाठी तिथे रकानाच नाही.

सिस्कोने यावर काढलेला मार्ग कॅटॅलिस्टवर आजही चालतो. प्रत्येक व्हीलॅनसाठी ब्रिज मिबची एक स्वतंत्र प्रत ठेवायची आणि कोणती प्रत हवी ते कम्युनिटी स्ट्रिंगच्या, म्हणजे एसएनएमपीच्या परवलीच्या शब्दाच्या, शेपटीतून सांगायचे. कम्युनिटी 'वाचन' असेल तर 'वाचन@३०' म्हणून विचारले की व्हीलॅन ३० चा ब्रिज उत्तर देतो. शेपटी न लावता नुसते 'वाचन' विचारले की व्हीलॅन १ चा ब्रिज उत्तर देतो. स्विचला कसलीही चूक दिसत नाही, तो निमूटपणे रिकाम्या व्हीलॅनची चार-दोन ओळींची यादी देतो. त्रुटीचा संदेश नाही, वेळ संपल्याची सूचना नाही. समोरच्याला वाटते सगळे ठीक चालले आहे. नेटवर्कमधल्या चुकांपैकी या जातीची चूक सर्वांत महाग पडते, कारण ती उत्तराच्या रूपात येते.

स्विचच्या कमांड लाइनवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' दिल्यावर पाचव्या स्विचवर दोनशेच्या वर ओळी दिसत होत्या आणि त्याच क्षणी एसएनएमपीतून सात. इतकी तफावत दिसली की एसएनएमपी बिघडल्याची शंका घेण्याआधी व्हीलॅनची शेपटी तपासावी.

आता विचारण्याचा क्रम. ओआयडी आणि पर्याय इथे देवनागरी अंकांत दिले आहेत, टंकताना अर्थातच इंग्रजी अंक आणि अक्षरे वापरायची. साधन नेट-एसएनएमपीचे, कमांड एसएनएमपीबल्कवॉक (एका ओआयडीखालचे सगळे ओळीने वाचणारी, पुढे नुसते 'वॉक'), एसएनएमपीची आवृत्ती २-सी. ओआयडी आकड्यांतच दिसावा म्हणून मोठा ओ आणि लहान एन हा पर्याय जोडावा. नावांत भाषांतरित झालेले उत्तर डोळ्यांना बरे वाटते, पण पुढे स्क्रिप्टने तोडायला त्रास देते.

सुरुवात व्हीलॅनच्या यादीने, शेपटी न लावता: १.३.६.१.४.१.९.९.४६.१.३.१.१.२. ही सिस्कोच्या व्हीटीपी मिबमधली व्हीलॅनची स्थिती. ओआयडीचा शेवटचा आकडा म्हणजे व्हीलॅन क्रमांक, किंमत १ म्हणजे चालू. यादीत १००२ ते १००५ हे चार क्रमांक नेहमी दिसतील. ते एफडीडीआय आणि टोकन रिंग या जुन्या प्रकारच्या जाळ्यांच्या काळातले राखीव क्रमांक आहेत, त्यांना गाळायचे.

ही यादी प्रत्येक स्विचकडून वेगळी घ्यायची. इथे पहिल्या स्क्रिप्टने चौदा व्हीलॅनची एकच पक्की यादी सगळ्या स्विचना लावली होती. स्विचवर नसलेल्या व्हीलॅनची शेपटी लावून विचारले की स्विच गप्प बसतो, आणि युडीपीवर (एसएनएमपीची पोच न देणारी वाहतूक पद्धत) गप्प बसणे म्हणजे विचारणाऱ्याने वाट पाहणे. नेट-एसएनएमपी मुळात एक सेकंद थांबते आणि पाच वेळा पुन्हा विचारते, म्हणजे प्रत्येक फुकट प्रश्नाला सहा सेकंद. आठ स्विच, प्रत्येकी नसलेले पाच व्हीलॅन, प्रत्येक व्हीलॅनला दोन वॉक: ८ × ५ × २ × ६ म्हणजे ४८० सेकंद नुसती वाट पाहण्यात. स्विच मॅक लक्षात ठेवतो तो मुळात ३०० सेकंद. फेरी पूर्ण होईपर्यंत पहिल्या स्विचची अर्धी माहिती शिळी झालेली. यादी स्विचकडूनच घ्यायला लागल्यावर हीच फेरी मिनिटभरात आली.

नंतर प्रत्येक व्हीलॅनसाठी शेपटी लावून १.३.६.१.२.१.१७.४.३.१.२ वर वॉक. परीक्षा विभागासाठी 'वाचन@३०'. उत्तरातली एक ओळ जवळून पाहू:

१.३.६.१.२.१.१७.४.३.१.२.०.०.९४.०.८३.२३ = १४

ओआयडीच्या शेवटचे सहा आकडे म्हणजे मॅक, दशमान पद्धतीत लिहिलेला. ९४ चे षोडशमान रूप ५ई, ८३ चे ५३, २३ चे १७. जुळवले की ००:००:५ई:००:५३:१७. हाच तो राउटर, जो 'सापडला नाही' होता. बरोबरीच्या उजवीकडचे १४ म्हणजे ब्रिज पोर्ट. हा इंटरफेसचा क्रमांक नव्हे, ब्रिजने आपल्या सोयीसाठी दिलेला आतला क्रमांक आहे. शेजारच्या १७.४.३.१.३ या स्तंभात त्या ओळीची स्थिती असते: ३ म्हणजे स्विचने शिकलेला, ४ म्हणजे स्विचचा स्वतःचा मॅक. शोध घेताना फक्त ३ च्या ओळी घ्याव्या, नाहीतर स्विच स्वतःलाच चोर ठरवतो.

ब्रिज पोर्टवरून इंटरफेसकडे जाण्याचा तक्ता १.३.६.१.२.१.१७.१.४.१.२ वर आहे, आणि दुसरा खड्डा इथेच लागतो. हा तक्ताही त्याच व्हीलॅनच्या शेपटीने विचारावा लागतो. व्हीलॅन ३० च्या ब्रिजला फक्त व्हीलॅन ३० चे पोर्ट माहीत, व्हीलॅन १ च्या ब्रिजला फक्त त्याचे. इथल्या स्क्रिप्टने मॅक '@३०' ने घेतले आणि पोर्टचा तक्ता एकदाच, शेपटीशिवाय, सगळ्यांसाठी मिळून घेतला. त्यात १४ ची ओळ नव्हती. स्क्रिप्टने तिथे शून्य लिहिले आणि अहवालात मॅकपुढे 'पोर्ट ०' छापले. शून्य ही ब्रिज मिबमध्ये खरोखरची किंमत आहे, 'पत्ता माहीत आहे पण पोर्ट माहीत नाही' अशा अर्थाची. त्यामुळे वाचणाऱ्याने स्विचवर संशय घेतला आणि एक सकाळ वाया गेली. स्क्रिप्टने ओळ न मिळाल्यास शून्य लिहू नये, 'तक्त्यात ओळ नाही' असे स्पष्ट लिहावे.

शेपटीसह विचारल्यावर १७.१.४.१.२.१४ ची किंमत आली १०११४. हा इफइंडेक्स, म्हणजे इंटरफेसचा क्रमांक. पुढे शेपटीची गरज नाही, कारण इंटरफेसचा तक्ता साऱ्या स्विचचा एकच असतो. १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१.१०११४ विचारले की नाव मिळते: गिगाबिट १/०/१४. २९६०-एक्सवर १०१०१ पासून पहिले पोर्ट सुरू होते हे लक्षात येते आणि मग मनातच वजाबाकी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दुसऱ्या मॉडेलवर हा हिशेब वेगळा असतो आणि मनातल्या हिशेबाची चूक कुठेच लिहिलेली राहत नाही. नाव नेहमी ३१.१.१.१.१ मधूनच घ्यावे.

मॅक एका स्विचवर सापडला म्हणजे यंत्र तिथेच आहे असे नाही. मधल्या स्विचवर तर आवारातला जवळजवळ प्रत्येक मॅक दिसतो, पण ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या दोन स्विचमधल्या दुव्यावर. म्हणून प्रत्येक पोर्ट ट्रंक आहे का ते १.३.६.१.४.१.९.९.४६.१.६.१.१.१४ वरून पाहायचे: १ म्हणजे ट्रंक, २ म्हणजे नाही. ट्रंक निघाला तर पलीकडे कोण आहे ते सीडीपीच्या (शेजारचे यंत्र ओळखण्याच्या सिस्कोच्या पद्धतीच्या) तक्त्यातून, १.३.६.१.४.१.९.९.२३.१.२.१, किंवा दुसऱ्या बनावटीचे स्विच मध्ये असतील तर त्याच कामाच्या एलएलडीपी या सामाईक मानकाच्या १.०.८८०२.१.१.२.१.४.१ मधून घ्यायचे आणि पुढच्या स्विचवर तोच प्रश्न. इथे मधल्या स्विचवर मॅक पोर्ट-चॅनल ३ वर (एकत्र बांधलेल्या पोर्टांवर) दिसत होता, आणि सीडीपीत पोर्ट-चॅनल ३ ची ओळच नव्हती. कारण सीडीपी खऱ्या पोर्टवर चालते, चॅनलवर नाही. एलएसीपी या मानक पद्धतीने बांधलेला चॅनल असेल तर कोणते पोर्ट कोणत्या चॅनलचे ते १.२.८४०.१०००६.३००.४३.१.२.१.१.१३ सांगतो. त्यातून दोन पोर्ट मिळाले, त्यांच्या सीडीपी ओळीतून पाचवा स्विच, आणि पाचव्या स्विचवर गिगाबिट १/०/१४, जो ट्रंक नव्हता. साखळी संपली.

एक गोष्ट सहज सुटते म्हणून नोंदवतो. १९२.१६८.०.१ चा मॅक मधल्या स्विचच्या एआरपी तक्त्यातून, म्हणजे १.३.६.१.२.१.४.२२.१.२ मधून, मिळवण्याचा प्रयत्न आधी झाला होता आणि तो फसणारच होता. स्विच एआरपी ठेवतो ते त्याच्या स्वतःच्या इंटरफेसच्या पट्ट्यातल्या पत्त्यांचे. १९२.१६८.० चा पट्टा त्याच्यावर कुठेच नाही. अशा उपऱ्या गेटवेचा मॅक बाधित संगणकावरूनच घ्यावा लागतो. राउटरच्या तळाशी छापलेला मॅक आणि त्याच्या लॅनच्या बाजूचा मॅक यांत शेवटच्या आकड्याचा एकदोनाचा फरक असू शकतो, म्हणून यंत्र हातात आल्यावर 'हा तो नव्हे' म्हणून ते ठेवून देऊ नये.

या शोधात आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. लागोपाठ दोनदा वॉक केला तर व्हीलॅन ३० चे मॅक पहिल्यांदा चाळीस आणि अर्ध्या मिनिटाने नऊ. ३०० सेकंद लक्षात ठेवणारा स्विच अर्ध्या मिनिटात विसरतो कसा? याचेही उत्तर ब्रिज मिबमध्येच होते. स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधले गोल फेरे टाळण्यासाठी आखलेल्या मार्गांच्या झाडाचा) भाग १७.२ खाली आहे आणि सिस्कोच्या पीव्हीएसटीमध्ये प्रत्येक व्हीलॅनचे झाड वेगळे, म्हणून तोही शेपटीनेच विचारायचा. 'वाचन@३०' ने १.३.६.१.२.१.१७.२.४.० म्हणजे रचना किती वेळा बदलली तो आकडा, आणि १७.२.३.० म्हणजे शेवटच्या बदलाला किती वेळ झाला, सेकंदाच्या शंभराव्या भागात. दर काही मिनिटांनी पहिला आकडा वाढत होता. 'वाचन@१०' ने विचारले तर तिथे स्थिर.

कारण असे. रचना बदलल्याची सूचना फिरली की स्विच मॅक विसरण्याची मुदत ३०० वरून फॉरवर्ड डिले या स्पॅनिंग ट्रीच्या थांबण्याच्या वेळेइतकी, म्हणजे मुळात १५ सेकंद करतो. जलद प्रकारच्या स्पॅनिंग ट्रीत तर तक्ता तिथल्या तिथे साफ होतो. संगणक लावलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट (पलीकडे स्विच नाही, नुसता संगणक आहे हे सांगणारी ओळ) नसेल तर संगणक बंद-चालू केल्यावरही ही सूचना फिरते. पुरानंतर पाचव्या स्विचची जुळणी हाताने पुन्हा लिहिली गेली, त्यात परीक्षा विभागाच्या पोर्टांची पोर्टफास्टची ओळ राहून गेली होती. राउटरचा मॅक कधी दिसे, कधी नाही, याचा अर्धा दोष या विसरण्याचा होता. पोर्टफास्ट लावल्यावर आकडा थांबला. मधल्या काळात मॅक जागता ठेवायचा असेल तर बाधित संगणकावरून गेटवेला पिंग चालू ठेवून मग वॉक करावा.

पाचव्या स्विचचे पोर्ट १४ बंद केल्याबरोबर परीक्षा विभागाचे चुकीचे पत्ते थांबले. केबलचा माग काढत गेल्यावर राउटर सापडला प्राध्यापकांच्या खोलीत, म्हणजे दुसऱ्या तक्रारीच्या खोलीत. एकाच जॅकवर दोन संगणक चालावेत म्हणून तो नुसता चार पोर्टांचा छोटा स्विच म्हणून वापरलेला, दोन्ही संगणकांना पत्ते हाताने दिलेले, व्हीलॅन १० चे. जॅकचा क्रमांक २१. पुराच्या धावपळीत त्याची केबल २९ च्या जागी बसली. चिठ्ठी गुजराती अंकांत होती आणि गुजराती एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. खऱ्या २९ ची चिठ्ठी पाण्याने पुसली होती आणि तो जॅक परीक्षा विभागातल्या रिकाम्या टेबलाचा, म्हणून तिथून कुणाची तक्रार आली नाही. देवनागरीतला १ सुद्धा त्याच वळणाचा. बडोद्यात एकाच रॅकवर तीन लिप्यांचे आकडे नांदतात. नव्या चिठ्ठ्यांवर आता आकड्याखाली अक्षरी 'एकवीस' असेही लिहिले जाते.

मग हा राउटर पुराआधी का त्रास देत नव्हता? कारण व्हीलॅन १० वर डीएचसीपी स्नूपिंग चालू होते. डीएचसीपी म्हणजे संगणकांना आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत, आणि स्नूपिंग म्हणजे त्या वाटपावर स्विचने ठेवलेला पहारा. राउटर तिथेही पत्ते वाटायला बघत होता, पण विश्वासाच्या यादीत नसलेल्या पोर्टवरून आलेला पत्त्याचा देकार स्विच फेकून देत होता. व्हीलॅन ३० वर स्नूपिंग कधी लावलेच नव्हते. एका चुकीच्या केबलने राउटर रक्षण असलेल्या व्हीलॅनमधून नसलेल्यात आला, आणि त्याच केबलने प्राध्यापकांचे व्हीलॅन १० चे पत्ते व्हीलॅन ३० मध्ये निकामी झाले. दोन तक्रारी, एक केबल. प्रत्येक पोर्टचा व्हीलॅन १.३.६.१.४.१.९.९.६८.१.२.२.१.२ वरून घेऊन त्या पोर्टवरच्या मॅकशेजारी मांडला असता तर ही गोष्ट पहिल्या दिवशी दिसली असती: प्राध्यापकांच्या संगणकांचे मॅक परीक्षा विभागाच्या व्हीलॅनमध्ये उभे होते.

स्नूपिंग ३० वर लावताना एक अडचण आली, ती थोडक्यात. सिस्कोचा स्विच मुळात डीएचसीपीच्या विनंतीत पर्याय ८२ (विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली ते सांगणारी नोंद) घालतो. वरच्या थर-तीन स्विचला पर्याय ८२ आहे पण रिलेचा (विनंती पुढे पोचवणाऱ्याचा) पत्ता शून्य आहे अशी विनंती संशयास्पद वाटते आणि तो ती टाकून देतो. परिणाम असा की स्नूपिंग लावताच कुणालाच पत्ता मिळेनासा होतो. खालच्या स्विचवर पर्याय घालणे बंद करावे किंवा वरच्या स्विचला अशा विनंत्यांवर विश्वास ठेवायला सांगावे. अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारे पोर्ट) विश्वासाच्या यादीत घालायला विसरू नये.

आता उरलेले तीन स्विच. त्यांना '@३०' कळत नाही. ते क्यू-ब्रिज मिब बोलतात, जे १९९९ च्या आरएफसी २६७४ मध्ये आले आणि २००६ च्या आरएफसी ४३६३ ने सुधारले. इथे मॅकचा तक्ता १.३.६.१.२.१.१७.७.१.२.२.१.२ वर आहे आणि अनुक्रमणिकेत मॅकच्या आधी एक आकडा जास्त असतो. एका वॉकमध्ये सगळे व्हीलॅन मिळतात, कम्युनिटीला काही जोडावे लागत नाही. मन लगेच म्हणते की तो जास्तीचा आकडा म्हणजे व्हीलॅन क्रमांक. पुष्कळदा तो असतोही. मानकाप्रमाणे मात्र तो फिल्टरिंग डेटाबेसचा (स्विचने शिकलेल्या मॅकच्या संचाचा) क्रमांक आहे, आणि या तीनपैकी एका स्विचवर व्हीलॅन ३० ची नोंद ७ या आकड्याखाली निघाली. कोणता डेटाबेस कोणत्या व्हीलॅनचा ते १७.७.१.४.२.१.३ सांगतो. तिथल्या अनुक्रमणिकेत पहिला आकडा काळाची खूण, बहुधा ०, आणि दुसरा व्हीलॅन. १७.७.१.४.२.१.३.०.३० = ७ अशी ओळ दिसली की कोडे सुटते. ही जुळणी करूनच पुढे जावे. अंदाजाने गेलेल्या पहिल्या अहवालात हे मॅक 'व्हीलॅन ७' मध्ये दाखवले गेले होते, जो व्हीलॅन या आवारात अस्तित्वातच नाही.

कोणते पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहेत हे हे स्विच बिटांच्या पट्टीतून सांगतात, १७.७.१.४.२.१.४ मध्ये सगळे सदस्य आणि १७.७.१.४.२.१.५ मध्ये टॅग (व्हीलॅन क्रमांकाची खूण) न लावता जाणारे. पट्टी डावीकडून वाचायची, पहिल्या बाइटचा सर्वांत मोठा बिट म्हणजे ब्रिज पोर्ट १. उत्तर षोडशमानात '८० ०१' आले तर पोर्ट १ आणि पोर्ट १६. प्रत्येक बाइट उजवीकडून वाचला तर ८ आणि ९ येतात, आणि दोन्ही पोर्ट खरोखर असल्याने चूक लक्षात येत नाही. पहिल्या पट्टीत आहे पण दुसरीत नाही असा पोर्ट त्या व्हीलॅनसाठी टॅग लावून बोलतो, म्हणजे बहुधा ट्रंक.

कम्युनिटी स्ट्रिंग तारेवरून उघडी जाते, म्हणून या प्रकरणानंतर एसएनएमपी आवृत्ती ३ कडे जायचे ठरले. तिथे कम्युनिटीच नाही, तर शेपटी लावायची कुठे? तिची जागा कॉन्टेक्स्ट घेतो: व्हीलॅन ३० साठी कॉन्टेक्स्टचे नाव 'व्हीलॅन-३०', इंग्रजी लहान अक्षरांत, मधे आडवी रेघ. नेट-एसएनएमपीत लहान एन या पर्यायाने ते द्यायचे. स्विचवर कोणते कॉन्टेक्स्ट आहेत ते 'शो एसएनएमपी कॉन्टेक्स्ट' दाखवतो. गटाला या कॉन्टेक्स्टची परवानगी मात्र वेगळी द्यावी लागते: 'एसएनएमपी-सर्व्हर ग्रुप', गटाचे नाव, 'व्ही३ प्रिव्ह कॉन्टेक्स्ट व्हीलॅन- मॅच प्रीफिक्स'. शेवटच्या दोन शब्दांमुळे त्या नावाने सुरू होणारे सगळे कॉन्टेक्स्ट एका ओळीत येतात. कॉन्टेक्स्ट नसलेली गटाची साधी ओळही ठेवावीच लागते, नाहीतर व्हीलॅनची यादी आणि इंटरफेसची नावे मिळणे बंद होते. सिस्कोच्या स्विचची कार्यप्रणाली आयओएस, तिच्या जुन्या आवृत्त्यांवर 'मॅच प्रीफिक्स' नसते, तिथे प्रत्येक व्हीलॅनसाठी एक ओळ लिहावी लागते. इथे दोन स्विच तसे निघाले.

आवृत्ती २-सी वर जे राहतील त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्या. कम्युनिटी फक्त वाचनाची आणि ॲक्सेस लिस्टने देखरेखीच्या सर्व्हरपुरती बांधलेली असावी, शेपटीच्या प्रश्नांना तीच यादी लागू होते. आणि कम्युनिटीच्या मूळ शब्दात @ हे चिन्ह असू नये. पासवर्ड बनवणाऱ्या साधनातून आलेले शब्द सरसकट वापरण्याची सवय असेल तर हे आधी तपासावे, कारण स्विच @ नंतरचा भाग व्हीलॅन समजून वाचतो.

व्हीलॅननिहाय वाहतूक किती, हा प्रश्न याच ओघात विचारला गेला. २९६०-एक्ससारख्या स्विचवर व्हीलॅन इंटरफेसचे बाइट मोजून हे उत्तर मिळत नाही. तिथे मोजले जाते ते स्विचच्या प्रोसेसरपर्यंत आलेले, पोर्टाकडून पोर्टाकडे परस्पर गेलेले नाही. आलेख निघतो, सुबक दिसतो आणि खोटा असतो. वाहतूक हवी तर पोर्टांचे आकडे घेऊन पोर्टच्या व्हीलॅननुसार बेरीज करावी, ट्रंक वगळून.

फेरी आता दर पंधरा मिनिटांनी चालते आणि प्रत्येक मॅकपुढे स्विच, पोर्ट, व्हीलॅन, पहिल्यांदा दिसल्याची वेळ आणि शेवटची वेळ लिहिली जाते. शेवटची वेळ महत्त्वाची, कारण आत्ताच्या क्षणी यादीत नसलेला मॅक कालपर्यंत कुठे होता हेच बहुतेक वेळा विचारायचे असते. वॉक चालू असताना २९६०-एक्सचा प्रोसेसर थोडा वर जातो. स्विचवर एसएनएमपी कमी प्राधान्याने चालते, त्यामुळे वाहतुकीला धक्का लागत नाही. पण एकाच स्विचला दोन साधनांनी एकदम विचारले तर उत्तरे उशिरा येतात आणि पुन्हा विचारण्याची साखळी सुरू होते, म्हणून फेरी स्विचनिहाय एकामागून एक ठेवली आहे.

पहिल्या पूर्ण फेरीतून एक यादी वेगळी काढली गेली: ट्रंक नसलेले, तरी एकाहून अधिक मॅक दाखवणारे पोर्ट. अशी पाच निघाली. दोन ठिकाणी टेबलाखाली छोटे स्विच होते, एका ठिकाणी आभासी यंत्रे चालवणारा प्रयोगशाळेचा संगणक. चौथे प्राध्यापकांच्या खोलीचे, जिथे आता राउटर काढून दुसरा जॅक ओढला आहे. पाचवे वसतिगृहाच्या जिन्याखालचे, त्यावर व्हीलॅन ४० मध्ये अकरा मॅक दिसतात आणि ती केबल भिंतीत जाते. तिचे दुसरे टोक अजून शोधायचे आहे.